उपकरण बंद, वेळ शिल्लक

(दृश्य: पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण. पडद्यावर तारीख: २७ जानेवारी २००७.)

हबलवर पुढच्या वर्षासाठी निरीक्षणाचा वेळ मागण्याची मुदत २६ जानेवारी २००७ रोजी संपली. दुसऱ्याच दिवशी तिच्यावरचा सर्वांत मागणी असलेला कॅमेरा, एसीएस, विजेच्या बिघाडानं बंद पडला. त्याच्या विद्युत यंत्रणेची एक बाजू आधीच्या जूनमध्ये निकामी झाली होती. आता दुसरीही गेली. नुकत्याच दाखल झालेल्या प्रस्तावांपैकी मोठा हिस्सा याच कॅमेऱ्यावर बेतलेला.

दुर्बीण मात्र ठणठणीत होती. आरसा चांगला, दिशा धरून ठेवणारी यंत्रणा चालू, बाकीची काही उपकरणं कामात. मग मोकळा झालेला वेळ कोणाला द्यायचा?

(दृश्य: पैठण. जायकवाडीचा डावा कालवा.)

मराठवाड्याला हा पेच फोडून सांगावा लागत नाही. नाथसागरात पाणी आहे, आवर्तन जाहीर झालंय, आणि डावा कालवा मध्येच फुटला. पाणी कुठं गेलं नाही. पण ते उजव्या कालव्याला सोडल्यानं डाव्याच्या टेलवरचं पीक भिजत नाही. आणि उजव्याकडे तरी त्या आठवड्यात पाणी घ्यायला कोणाचं रान तयार आहे, हे आधी बघावं लागतं.

(दृश्य: हबलच्या कक्षेचं रेखाचित्र.)

हबल साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारते. त्यात पन्नासेक मिनिटं लक्ष्य दिसतं, मग पृथ्वी आड येते. म्हणून तिचा वेळ फेऱ्यांमध्ये वाटतात. सूर्यापासून साधारण ५० अंशांच्या आतलं आकाश वर्ज्य. दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी भागातून जाताना निरीक्षण थांबवायचं. नेम धरायला योग्य जागी मार्गदर्शक तारे हवेत.

खरी गोम इथंच आहे. मार्चमधल्या एका आठवड्यात दहा फेऱ्या मोकळ्या झाल्या, तर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नंबरला त्या देता येतीलच असं नाही. त्याचं लक्ष्य मार्चमध्ये सूर्याच्या दिशेला असू शकतं. त्यामुळे गुणवत्तेची यादी आणि ‘त्या आठवड्यात काय दिसतं’ याची यादी शेजारी ठेवूनच निवड करावी लागते. त्यातूनही उरलेली भोकं ‘स्नॅपशॉट’ निरीक्षणं बुजवतात. ही फेरीपेक्षाही छोटी असतात, लक्ष्यं आकाशभर विखुरलेली असतात, आणि ती होतीलच अशी हमी कुणी दिलेली नसते.

मग ज्यांचा कॅमेरा गेला, त्यांना दुसरा का देऊ नये? १९९३ मध्ये बसवलेला जुना कॅमेरा, डब्ल्यूएफपीसी-२, चालू होता. पण दृश्य प्रकाशात तो एसीएसच्या साधारण एक तृतीयांश प्रकाशच टिपतो. त्याचं क्षेत्रही लहान, पिक्सेलही जाडे. तितकीच अंधुक दीर्घिका टिपायची तर दहा फेऱ्यांच्या जागी तीस लागणार, आणि तीस कोणी देणार नाही. अशा वेळी लक्ष्यं कमी करावीत, प्रत्येकावरचा वेळ छाटू नये, असं आमचं ठाम मत आहे. अपुऱ्या वेळेच्या वीस प्रतिमांतून मूळ प्रश्न सुटतच नाही. पुऱ्या वेळेच्या सहा प्रतिमांतून निदान सहा उत्तरं मिळतात.

२००७ चा बिघाड निवड समित्या बसण्याआधी तरी झाला. प्रस्ताव बदलून द्यायला फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. ३ ऑगस्ट २००४ रोजी एसटीआयएस हा वर्णपटमापक बंद पडला, तेव्हा वाटप आधीच होऊन गेलं होतं. आदल्या वर्षात हबलच्या सुमारे ३० टक्के कार्यक्रमांत तो वापरला गेला होता, आणि अतिनील किरणांचा तसा बारीक वर्णपट घेणारं दुसरं उपकरण वर नव्हतं. दोन्ही उपकरणं दुरुस्त झाली ती मे २००९ मध्ये. एसटीआयएसचं झाकण उघडायलाच अंतराळवीरांना शंभराहून अधिक स्क्रू काढावे लागले.

(दृश्य: श्रीहरिकोटा, २८ सप्टेंबर २०१५. पीएसएलव्हीचं उड्डाण.)

भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेचं गणित वेगळं. तिची मुख्य उपकरणं एकाच दिशेला रोखलेली आहेत, त्यामुळे एक आंधळं झालं तरी बाकीची त्याच लक्ष्याकडे पाहत राहतात. २०१८ मध्ये यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची २०० ते ३०० नॅनोमीटर तरंगलांबी टिपणारी वाहिनी गेली. १३० ते १८० नॅनोमीटरची चालू राहिली. तप्त, तरुण ताऱ्यांवर काम करणाऱ्यांचं फारसं अडलं नाही. दोन वाहिन्यांच्या तुलनेतून ताऱ्यांचं वय काढणाऱ्यांचं मात्र अडलं. त्यांनी गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीच्या जुन्या निरीक्षणांचं भांडार आधी तपासावं. नसेल तिथं स्विफ्ट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीवर वेळ मागावा.

ॲस्ट्रोसॅटवरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा हिशेब जास्त अवघड आहे. त्याच्या तीन शोधकांपैकी (डिटेक्टर) एकातून वायू गळत होता, तो २०१८ मध्ये बंद केला. दुसरा बेभरवशाचा झाला. भरवशाचा एकच राहिला. स्रोत ठळक असेल, तर तितकेच फोटॉन (प्रकाशकण) गोळा करायला तिप्पट वेळ पुरतो. पण कृष्णविवराजवळची जलद थरथर मोजायची असेल, तर संकेताची खात्री फोटॉनच्या दराच्या सरळ प्रमाणात वाढते आणि वेळेच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. दर एक तृतीयांश झाला की वेळ नऊपट लागतो. २० हजार सेकंदांचं काम १ लाख ८० हजार सेकंदांवर जातं. पृथ्वी आड येण्याचा वेळ धरला तर चार दिवसांच्या पुढं. समितीनं सरसकट तिप्पट वेळ दिला, तर तो वायाच जाईल.

(दृश्य: विद्यापीठातला पदार्थविज्ञान विभाग. पडद्यावर अर्ध्यावर आलेला प्रस्ताव.)

नांदेडहून किंवा संभाजीनगरहून प्रस्ताव पाठवणाऱ्यानं हे आकडे आधीच लिहून ठेवावेत: मुख्य उपकरण गेलं तर दुसऱ्यावर किती वेळ लागेल, कमीत कमी किती लक्ष्यं चालतील, कोणता प्रश्न सोडून द्यावा लागेल. पर्यायी उपकरणासाठी आसपासचे तेजस्वी तारे पुन्हा तपासावेत. यूव्हीआयटीच्या शोधकाला ते इजा करू शकतात. हबलवर एखादं निरीक्षण यंत्राच्या दोषानं फसलं, तर ते पुन्हा मागायला ९० दिवस मिळतात. माहिती हाती आली की लगेच उघडून बघावी.

(दृश्य: औंढा नागनाथ परिसर, जिल्हा हिंगोली.)

एका हिश्शाला मात्र फेरवाटपात हात लावू नये: अचानक घडणाऱ्या घटनांसाठी राखलेला वेळ. औंढ्याजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातली सूक्ष्म कंपनं) टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, तेव्हा तिथून आलेला निळा उजेड काही दिवसांतच मावळला. अशी सूचना आली की चालू आठवड्याचं वेळापत्रक मोडून दुर्बिणीला नवे आदेश पाठवावे लागतात. त्या दिवशी कोणाच्या फेऱ्या काढायच्या, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.