सराफ्यातला थंड उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या सराफ्यात आपण रात्री जातो ते भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खायला. आज बोलायचंय ते तिथल्या उजेडाबद्दल.

त्याच गल्लीत दिवसा एखादा कारागीर सोनं आटवताना बघा. सोनं वितळतं १०६४ अंशांना, पण मूस त्याच्या कितीतरी आधी लाल झालेली असते. सव्वापाचशे अंश गाठले की बहुतेक घन वस्तू अंधारात मंद लाल दिसू लागतात, मग ती मूस असो की विळा. जुन्या बल्बची तार तर अडीच हजार अंशांवर जायची, आणि बहुतेक वीज उष्णतेतच संपायची.

रात्री ठेल्यांवर लागतात त्या एलईडीचं गणितच वेगळं. हात लावला तर ती गरम लागते खरी, पण ती वाया गेलेली ऊर्जा. उजेड त्यातून येत नाही. आतल्या बारीक चिपमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरतो आणि मधल्या फरकाएवढी ऊर्जा निळा प्रकाश म्हणून टाकतो. चिपवरची पिवळी भुकटी त्यातला काही निळा गिळते, पिवळा परत देते, आणि आपल्याला दिसतं पांढरं. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

असा थंड उजेड, म्हणजे वस्तू न तापवता निघणारा, मिळवायला वीजच हवी असंही नाही. अतिनील दिव्याखाली काही हिरे निळे उजळतात, नोटेवरचा नंबर चमकतो. दिवा बंद, की चमक गेली. मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्यांत मात्र इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकून बसतात आणि खोलीच्या साध्या उबेने हळूहळू सुटतात. चमकती चांदणी फ्रीजमध्ये ठेवा, मंदावेल. बाहेर काढा, पुन्हा उजळेल.

माझा लाडका प्रयोग मात्र खडीसाखरेचा. खोलीत मिट्ट काळोख करा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसते बसा, डोळे सरावले पाहिजेत. (घरचे हसतील, हसू द्या.) मग मोठा खडा पकडीत धरून फोडा. निळसर ठिणगी दिसेल. स्फटिक तुटताना दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार साठतो, तो हवेतून उडी मारतो आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. त्यातला बराचसा प्रकाश अतिनील, म्हणून डोळ्यांना थोडाच दिसतो. खडा कोरडा हवा. सादळलेला असेल तर काही दिसायचं नाही. आणि हो, फोडताना पकडीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी ओढा, नाहीतर तुकडे डोळ्यात जातील.