जाळ्यातला कॉड, कागदावरचा कॉड

[दृश्य : धुकं. लहान होडी, दोन माणसं जाळं ओढतायत.]

१९८०चं दशक. कॅनडाचा न्यूफाउंडलंड किनारा. लहान होड्यांतून कॉड पकडणारे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत होते, मासा बारीक होत चाललाय, पूर्वीसारखा किनाऱ्याला लागत नाही. सरकारी तक्त्यांत मात्र साठा सावरताना दिसत होता.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. तक्त्यांचा बराचसा आधार खोल समुद्रातल्या ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या जहाजांच्या, पकडीचा होता. उरलासुरला कॉड दाटीने एके ठिकाणी गोळा व्हायचा आणि ध्वनिलहरींनी मासा हुडकणारं 'सोनार' यंत्र बसवलेले ट्रॉलर नेमके तिथे पोचायचे. समुद्र रिता होत होता, तरी ट्रॉलरचं जाळं भरून येत होतं. ओहोटी लागल्याचं आधी कळलं ते किनाऱ्यावरच्यांना. पण त्यांचं बोलणं सांगोवांगीचं ठरलं.

[दृश्य : बंद पडलेला मासळी कारखाना.]

२ जुलै १९९२. कॉडच्या मासेमारीवर बंदी. सुमारे ३०,००० जणांचं काम गेलं. त्यांत कारखान्यात उभं राहून मासा कापणाऱ्या बायकाही होत्या. साठ्याच्या कुठल्याच गणितात त्यांचा रकाना नव्हता. बंदी दोन वर्षांची म्हणून आली होती. उठली २०२४ मध्ये.

बंदीनंतर तिथल्या मेमोरियल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ एकत्र कामाला लागले. जुन्या मच्छीमारांसमोर नकाशा पसरून विचारलं : तुमची पहिली होडी केवढी होती? इंजिन किती ताकदीचं? जाळी किती, आणि कुठे लावायचात? पुढची होडी कधी घेतलीत?

आयुष्यभराच्या आठवणी अशा क्रमाने लावल्या आणि त्यांतून आकडे निघाले. होडी मोठी झाली होती, जाळी वाढली होती, माणूस आणखी लांब जात होता. एवढं सगळं वाढूनही मासा त्या मानाने वाढला नव्हता. म्हणजे प्रत्येक जाळ्यामागे तो घटतच आला होता. मुलाखत हेही मोजमापाचं साधन असतं, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं. फक्त काय विचारायचं ते माशाची जाण असलेल्याने आणि कसं विचारायचं ते माणसांची जाण असलेल्याने, दोघांनी मिळून ठरवावं लागतं. हे बंदीच्या आधी झालं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

[दृश्य : सापळा वर येतो. हातात लॉबस्टर.]

आता अमेरिकेतलं मेन राज्य. मच्छीमार लॉबस्टरची मादी पालथी करतो. शेपटीखाली अंड्यांचा गच्च, काळपट घोस. तो शेपटीच्या एका पाकळीला इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडतो आणि तिला पाण्यात सोडतो. पुढे ती अंड्यांविना सापडली, तरी खाच दिसली की ठेवायची नाही. कायदाही तेच सांगतो; पण भर समुद्रात बघायला कोण असतं? मानववंशशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅचेसन यांनी या लोकांमध्ये वर्षं काढली. प्रत्येक बंदराचं पाणी कोणाचं, परका सापळा दिसला तर काय होतं, हे त्यांनी नोंदवलं. नियम का पाळला जातो, याचं बरंचसं उत्तर त्या नात्यांत आहे.

आज राज्याचे संशोधक त्याच होड्यांवर बसून जातात. सापळा वर येतो. मच्छीमार मादी उचलून शेपटी उलगडतो, खाच दाखवतो. शेजारी बसलेला वहीत एक रेघ ओढतो, आणि मादी पुन्हा पाण्यात.