अंगठेबहाद्दर

(ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेलं पाल्हाळ संकेतस्थळासाठी थोडं कापलं आहे. सगळं कापता आलं नाही.)

नमस्कार मंडळी.

समितीने मला सात मिनिटं दिली आहेत. मागच्या वर्षी पाच दिली होती आणि मी बावीस घेतली, म्हणून यंदा पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवतींना घड्याळ घेऊन बसवलंय. त्यांनी डोळे मोठे केले की मी थांबेन. घरीही हीच पद्धत आहे.

खरं तर मी आज ‘ठाण्याची दिवाळी’ यावर बोलणार होतो. दोन पानं लिहून तयार होती. राममारुती रोडवरची दिवाळी पहाट, कोपिनेश्वराचं पहाटेचं दर्शन, गर्दीत हरवलेली चप्पल, सगळं जिथल्या तिथे होतं. पण गेल्या मंगळवारी घरी एक प्रकार घडला आणि ती पानं काही हातात धरवेनात.

आपला ठाण्याचा मित्र भाद्रपदात गेला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. नाव घेत नाही. वहिनींनीच सांगितलंय, “बोला, पण नाव नको. ह्यांना ते आवडायचं नाही.” मखरावरसुद्धा त्याने कधी नाव टाकलं नाही. २०१३ साली माझ्या गॅरेजमध्ये ज्यांनी कात्री चालवली त्यांना नाव सांगायची गरजही नाही. नव्या मंडळींसाठी एवढंच सांगतो, दर गणपतीत ‘आमचं मखर’ म्हणून आपण जे फोटो फेसबुकवर टाकतो, ते मखर ज्याच्या डोक्यातून यायचं तो हा माणूस.

तर मंगळवारी समितीला त्याचे फोटो हवे होते. आमची कन्या, वय वर्षं तेरा, माझा फोन घेऊन बसली. बराच वेळ अंगठ्याने वर सरकवत राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, ह्यात तुझं काहीच नाहीये.”

“म्हणजे?”

“काका लिहितो, काका फोटो पाठवतो, काका प्रश्न विचारतो. तू फक्त अंगठा.”

मी चिडलो. चिडण्यासारखं तिने काही म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच चिडलो. ऑफिस, साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेपाच, तो लिहितो तेव्हा मी मीटिंगमध्ये असतो, आमची मैत्री तुमच्यासारखी टायपिंगवर चालत नाही, असं बरंच काही बोललो. आवाजही चढला. शेवटी आतून आवाज आला, “ओरडतोस कशाला? मोजून बघ.”

मोजलं. गुढीपाडव्यापासून तो जाईपर्यंत त्याचे एक्केचाळीस निरोप. माझे अडतीस अंगठे, दोन नमस्कार आणि एक केक. त्या दिवशी त्याचा वाढदिवस नव्हता.

माझी पणजी अंगठा उठवायची. जमिनीच्या जुन्या कागदावर तिचा निळा ठसा मी स्वतः पाहिलाय. तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं, तिचा काय दोष? मी इंजिनियर. वर दिवाळी अंकात दोन कविता छापून आलेल्या, त्यातली एक साभार परत येऊन दुसरीकडे गेलेली. एवढं शिकून सवरून घराण्यात पुन्हा एक अंगठेबहाद्दर निपजला.

हा माणूस काय करायचा, ते सांगतो. दिवसा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत ड्राफ्ट्समन. संध्याकाळी हौशी एकांकिकांचं नेपथ्य. गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं तेव्हा आम्ही पोरं होतो. पुढे त्याच गडकरीच्या मागच्या दाराने त्याने किती फळ्या आत नेल्या असतील याला हिशेब नाही. नाटक बघायला मात्र तो कधी खुर्चीत बसायचा नाही. विंगेत उभा. मध्यंतरात बटाटावडा खायला बाहेर आला तरी खिशात हातोडी.

आणि दिवाळी आली की वाडीत कंदील. ते मला नीट सांगू द्या. घड्याळाकडे बघू नका.

चोवीस कामट्या, सगळ्या एका मापाच्या. चार-चारचे सहा चौकोन. ते कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे. एकूण गाठी बारा. त्रिकोण कोणी बांधायचा नाही. सहा चौकोन जुळले की आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. आम्हाला दर वर्षी हा चमत्कार वाटायचा आणि तो दर वर्षी, जणू स्वतःलाही आत्ताच कळलंय अशा चेहऱ्याने, “अरेच्चा!” म्हणायचा. मग पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. खाली झिरमिळ्या.

बारा गाठी, म्हणून बारा पोरं, हा त्याचा कायदा. एका पोराने एकच गाठ मारायची. वाडीत बारा भरली नाहीत तर पलीकडच्या वाडीतून उसनी आणायचा. कोणाची गाठ सैल बसली तर सोडून पुन्हा बांधायचा नाही. ती बाजू रस्त्याकडे करून कंदील टांगायचा. त्यामुळे आमचा कंदील कायम जरा वाकडा, एका खांद्यावर दप्तर घेतल्यासारखा.

मोठी माणसं म्हणायची, ह्याला ठाण्याला पाठवायला पाहिजे. तो म्हणायचा, मी ठाण्यातच आहे, रिक्षाचे पैसे वाचले.

इथे आला तेव्हा तुम्ही पाहिलंच. तीन आठवडे जगप्रसिद्ध समुद्रकिनारा वगैरे बघायचं सोडून माझ्या गॅरेजमध्ये फर्निचरचे खोके कापत बसला. गप्पा मारायला जो येई त्याच्या हातात कात्री. आपले एक माजी अध्यक्ष, आज हसताहेत ते, त्यांनी देवळाच्या शिखराचा कळसच उडवला होता. आठवतं? हा म्हणाला, “चुकलं कुठे? हा ढग आहे.” आणि तो तुकडा खरोखर ढग म्हणून वर लावला. मग काय, जो तो चुकायला लागला. त्या वर्षी आपल्या गणपतीच्या डोक्यावर अकरा ढग होते आणि पाऊस नाही म्हणून कोणी तक्रार केली नाही.

इथे दिवाळीत कंदील लावायला अंधारच पडत नाही, संध्याकाळी साडेसातलाही लख्ख उजेड, अशी मी एकदा त्याच्याकडे कुरकुर केली होती. तेव्हा फोनवर बोलायचो आम्ही. तो म्हणाला, “मग वाट बघ की. अंधार कुठे पळून जातो?”

आता त्याचे ते एक्केचाळीस निरोप. मंगळवारी रात्री सगळे झोपल्यावर मी वाचले. त्याआधी नुसते पाहिले होते. तलावपाळीचा पावसातला फोटो, पाण्यात उलटे पडलेले दिवे, खाली लिहिलेलं, “भेळवाला तुझी चौकशी करत होता. खोटं बोललो, मीच करत होतो.” घोडबंदर रोडवरचे मेट्रोचे खांब, “एकेकाला एकेक कंदील टांगला तर?” ठाणे स्टेशनातली सकाळची गर्दी, “१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली, तेव्हा पाहुण्यांना बसायला जागा होती म्हणे. त्यानंतर नाही.” याला काहीतरी म्हणायला हवं होतं की नाही? माणूस विनोद करतो, समोरून निदान एक ‘हाहा’? अंगठा.

थोडं तुमच्याकडे वळू का? एकट्याने किती मार खायचा.

आपण तीन आठवड्यांसाठी घरी जातो. पहिला आठवडा दात. दुसरा आठवडा चष्मा, बँकेतलं केवायसी आणि शिंप्याकडे टाकलेले ब्लाउज. तिसऱ्या आठवड्यात सामानाचं वजन. मधल्या फटीत मित्र. तलावपाळीवर भेटू म्हणतो आणि मॉलमध्ये भेटतो, कारण एसी आणि पार्किंग. २०२२ साली मी त्याला चाळीस मिनिटं दिली. तो पावसात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मखराचा छोटा नमुना काखेत मारून आला होता, आणि मी घड्याळ बघत होतो, कारण सासुरवाडीला नेरुळला जेवायला जायचं होतं आणि ट्रान्सहार्बर पकडायची होती. त्याने नमुना सोडलाच नाही. म्हणाला, “जा तू, फोटो पाठवतो.” पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आणि तो गेल्याचं कळलं तेव्हा आपल्या गटावर काय झालं? दहा मिनिटांत साठ-सत्तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. समई, कमळ, सगळं तयार चित्रातलं. एकाच्या चित्रात तर खाली कुठल्या तरी प्लॉटच्या योजनेची जाहिरात होती. हसू नका, ते चित्र पुढे पाठवणाऱ्यांत मीही आहे. अकरा ढगांची आठवण मात्र कोणी लिहिली नाही. मीही नाही. ती आठवण आज कन्येने हे उकरून काढलं म्हणून निघाली.

गेल्या महिन्यात मी ठाण्याला जाऊन आलो. आमचं नौपाड्यातलं घर आता रिकामं करायचं आहे, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. बाबांच्या कपाटात औषधांचे रिकामे डबे निघाले. मी टाकायला घेतले आणि थबकलो. प्रत्येक डब्यावर चित्र. एकावर उगवता सूर्य. एकावर रिकामं ताट, म्हणजे जेवणाआधीची गोळी. एकावर वाटी, पोळी, भात, लिंबाची फोडसुद्धा, म्हणजे जेवणानंतरची. झोपेच्या गोळीवर चंद्र, आणि चंद्राला बाबांसारख्या मिशा. बाबांचा मोतीबिंदू पिकला होता, अक्षर लागत नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला लाइट बिल भरायला हा जातो एवढंच मला ठाऊक होतं, आणि डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं असताना दोघं गुपचूप मामलेदारची मिसळ खाऊन येतात, तेही शेजाऱ्यांनी चुगली केली म्हणून. मी त्याला विचारलंच नव्हतं, बाबांचं काय काय करतोस. बाबा बरे आहेत असा त्याचा निरोप यायचा आणि मी...

जाऊ द्या.

त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि आतून एक जुडी आणली. सुतळीने बांधलेल्या कामट्या. चोवीस. पॉलिश पेपरने घासलेल्या, कुठे कुसळ लागत नव्हतं. वर चिठ्ठी, त्याच्या त्या ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात, आपल्या मंडळाचं नाव.

त्याचा शेवटचा निरोप असा होता, “कामट्या तासून ठेवल्यात. पाठवू, की तिकडे मिळतात?”

आता मला सांगा, पाठवू की मिळतात, या प्रश्नाला अंगठा म्हणजे काय? पाठव? मिळतात? मी तो दाखवला होता. लिफ्टमध्ये होतो बहुतेक. त्याने पुन्हा विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, “हसत होते हो. म्हणाले, त्याच्या अंगठ्याचा अर्थ लागला की पाठवतो.” त्यानंतर नवव्या रात्री झोपेतच गेला.

आणि मी ती जुडी आणली नाही. इथे विमानतळावर बांबू जाहीर करावा लागतो, वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं, कदाचित काढूनही घेतात. हे कारण मी वहिनींना दिलं. चार किलो चिवडा-चकली जाहीर करून त्याच रांगेतून ऐटीत बाहेर येणारा माणूस मी. त्या चोवीस काड्या कोणी माझ्या हातून काढून घेतल्या असत्या तर काय, याची भीती वाटली, की त्या घरी आणून रोज बघाव्या लागतील याची, ते अजून नीट कळलेलं नाही. वहिनींनी जुडी माळ्यावर ठेवून दिली.

व्यासपीठावर हा जो कंदील टांगलाय तो मुलांनी केला आहे. बार्बेक्यूच्या काड्यांचा. आमच्या कन्येने त्याच्या जुन्या निरोपांतून कृती शोधली आणि बारा मुलं जमवली. अकरा मराठी आणि एक शेजारचा ग्रीक मुलगा, उसना. मोरचूद मिळाला नाही, इथे झुरळंही तशी कमीच. डावीकडची एक गाठ सैल आहे, बघा. मी ती घट्ट करायला शिडीवर चढलो होतो, तर मला खाली उतरवण्यात आलं.

काल रात्री वहिनींचा निरोप आला. घराला रंग द्यायचाय, माळा रिकामा करतेय, कामट्यांचं काय करू, ठेवू की वाडीतल्या मुलांना देऊ?

मी तो वाचलाय, हे त्यांनाही दिसतंय. दोन निळ्या खुणा. कन्या सकाळपासून तीनदा विचारून गेली, काय लिहिलंस? ती बघा, आत्ताही मागे उभी राहून हातानेच विचारतेय. काही नाही लिहिलं गं अजून. ठेवा लिहावं, तर कोणासाठी? देऊन टाका लिहावं, तर...

हो, हो. डोळे मोठे झालेत. थांबतो.