बर्लिनच्या पाणबुड्या

लपणं म्हटलं की डोळ्यासमोर माळा येतो नाहीतर कपाटामागची खोली. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमध्ये मात्र बरेचसे ज्यू नाझींपासून भर रस्त्यात लपले होते. ज्यू म्हणून ओळखू यावं यासाठी नाझींनी सक्तीने लावायला लावलेला कोटावरचा पिवळा तारा उसवायचा, केस विंचरायचे, आणि रोजच्या कामाला निघाल्यासारखं ट्राममध्ये चढायचं, बस्स. ते स्वतःला पाणबुडी म्हणायचे, म्हणजे पाण्याखाली गेलेले. शहरात असे जवळपास 7000 जण होते, शेवटपर्यंत टिकले फक्त 1700 च्या आसपास.

27 फेब्रुवारी 1943 ला कारखान्यांवर धाडी पडल्या, कामावर असलेल्या ज्यूंना थेट ट्रकमध्ये कोंबलं. नेमक्या त्याच दिवशी काही तरुणांनी छुपा ग्रुप काढला, खालुत्सी मंडळ. त्यात कोवळी पोरं होती आणि आज रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न रोज नव्याने.

आता त्सिओमा शोनहाउस बघा. विशीतला पोरगा, चित्रकलेचा हात, आईवडिलांना नाझींनी आधीच पूर्वेकडच्या छावण्यांत नेलेलं. हा ओळखपत्रावरचा फोटो काढून दुसऱ्याचा लावायचा आणि शिक्क्याचा जो भाग फोटोवर यायचा तो बारीक ब्रशने हाताने काढायचा, नाझींच्या गरुडासकट! कार्डं यायची कुठून, तर काही ख्रिश्चन लोक आपलं स्वतःचं ओळखपत्र चर्चच्या दानपेटीत टाकून यायचे. आणि गंमत बघा, एवढ्या जणांना कागद करून देणारा हा पठ्ठ्या स्वतःचंच पाकीट हरवून बसला, फोटोसकट. मग पोलीस मागे लागले, तेव्हा सायकल काढली आणि थेट स्वित्झर्लंड गाठलं. लपलेल्यांना मदत करणारे फ्रान्झ काउफमान, ज्यांच्यासाठी तो हे करायचा, त्यांना मात्र नाझींनी गोळ्या घातल्या.

हान्स रोझेन्थालचं उलटं, तो अजिबात हलला नाही. मार्च 1943, वय 17. आईवडील वारलेले, धाकटा भाऊ गेर्ट दहा वर्षांचा, त्याला आधीच नेलेलं, तो परत आलाच नाही. बर्लिनच्याच लिश्टेनबर्ग भागात लोकांचे भाजीपाल्याचे छोटे वाफे होते, तिथल्या एका बाईने याला आपल्या शेडमध्ये ठेवलं. तिच्याकडे रेशन एकाच माणसाचं आणि खाणारी तोंडं दोन. पुढे ती वारली, मग शेजारच्या दुसऱ्या बाईंनी त्याला सांभाळलं. विमानं आली की सगळे बंकरमध्ये पळायचे, आणि हा त्याच वेळी बाहेर यायचा, कारण बघणारं कोणीच नाही. आकाशातून बॉम्ब पडतायत आणि पोरगा मोकळ्या हवेत उभा!

एप्रिल 1945 ला रशियन आले. हान्सने जपून ठेवलेला तारा पुन्हा कोटावर लावला आणि आनंदाने सामोरा गेला, तर सैनिकांनी त्याला भिंतीलाच उभं केलं, कारण एसएसवाले, म्हणजे हिटलरच्या खास दलाचे लोक, पळताना असेच तारे लावत होते. नशिबाने एक ज्यू अधिकारी तिथे आला. म्हणाला, ज्यू आहेस ना, मग प्रार्थना म्हणून दाखव.

हान्सने सुरुवात केली, "शेमा यिस्राएल..."