धर्मग्राम परिषद म्हणजे संचालक मंडळ नव्हे

मंडळी, सांगलीकराला समितीचं कामकाज शिकवावं लागत नाही. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, विकास सोसायटी... सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ ही वसंतदादांच्या जिल्ह्याची बोलीच आहे म्हणा ना. त्यामुळे धर्मग्राम परिषदेवर, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या सल्लागार समितीवर, नाव लागलं, की आपला गडी पहिल्या बैठकीला संचालकाच्या थाटात येतो. हात वर करून मतदान मागतो. फादर शांतपणे सांगतात, ‘मत जरूर द्या, निर्णय मी घेईन.’ मग हा बाहेर पायरीवर येऊन म्हणतो, आम्ही नुसते शोभेचे!

त्याची चिडचिड मला समजते. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांच्या प्रेस्बिटेरियन मिशनची परंपरा आहे. त्या परंपरेत चर्चचे सभासद आपले वडीलजन (एल्डर) निवडतात आणि ते पाळकाबरोबर कारभार बघतात. सोयरीक, शेजार तिकडचाच. मग आपल्याकडेच असं का? तर कॅथलिक रचनेत फादरांना नेमतात बिशप. आपले सांगली-सातारा येतात पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या हद्दीत, जो १८८६ साली झाला. फादर इथला कारभार बघतात ते त्या बिशपांच्या अधिकाराखाली. सभासदांनी निवडून दिलेला चेअरमन आणि फादर यांच्यात हा मूळचाच फरक आहे.

आता कायदा बघू. १९८३ च्या कॅनन संहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, कॅनन (कलम) ५३६ पाळकीय परिषदेबद्दल, म्हणजे आपल्या याच धर्मग्राम परिषदेबद्दल आहे. बिशपांना योग्य वाटलं तर ती प्रत्येक धर्मग्रामात असावी, आणि तिचं मत फक्त सल्ल्याचं. लोक इथंच वाचायचं थांबतात. पुढचाच कॅनन, ५३७, अर्थसमिती सक्तीची करतो. तिथं ‘योग्य वाटलं तर’ नाही. कॅनन १२८७ म्हणतो, भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. रविवारच्या दानपेटीत तुम्ही टाकलेल्या नोटेचा हिशेब मागणं हा उद्धटपणा नाही. गळका पत्रा बदलणं वेगळं आणि हॉल बांधायला काढणं वेगळं. नेहमीच्या कारभाराबाहेरच्या व्यवहाराला फादरांनाही बिशपांची लेखी परवानगी लागते. म्हणजे हात त्यांचेही मोकळे नाहीत.

आणखी एक, कॅनन १२७. जिथं कायदा सल्ला घ्यायलाच सांगतो, तिथं तो न घेता केलेली कृती अवैध ठरते. सल्ला एकमुखी असेल, तर वरिष्ठानं वजनदार कारणाशिवाय त्याविरुद्ध जाऊ नये. धर्मग्रामाच्या प्रत्येक बैठकीला हा कॅनन लागू होतो असं मी म्हणत नाही, पण ख्रिस्तसभा सल्ल्याकडे कोणत्या नजरेनं बघते ते त्यातून कळतं. शिवाय कॅनन २१२ प्रापंचिकांना, म्हणजे साध्या भाविकांना, आपलं मत पाळकांपुढं (फादर-बिशपांपुढं) मांडायचा हक्क देतो. काही वेळा तर ते कर्तव्यच ठरतं. बैठकीत गप्प बसून पायरीवर बोलणाऱ्यांनी हा कॅनन जरूर वाचावा.

मग सल्ला द्यायचा कशावर? पाळकीय आराखड्यावर, म्हणजे धर्मग्रामानं काय काम करायचं त्याच्या योजनेवर. मी वाचलेल्या बहुतेक आराखड्यांत तीच तीन वाक्यं असतात: श्रद्धा दृढ करणे, युवकांचा सहभाग वाढवणे, कुटुंबांचे सबलीकरण. कुणी करायचं, कधीपर्यंत, कुणासाठी, काही नाही. बेल्जियमच्या फादर कार्डाइन यांनी कामगार तरुणांत रुजवलेली पद्धत साधी होती: पाहा, पारखा, कृती करा. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात ती उचलून धरली. आपण पाहणं वगळून थेट कृतीवर उडी मारतो, आणि कृती म्हणजे बहुधा स्नेहभोजन.

पाहायचं कुठं? ऑफिसातली बाप्तिस्म्याची नोंदवही उघडा. तिचा समास वाचा. माणसाचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, कुणी धर्मगुरू झाला, की त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामात परत येऊन समासात लिहिली जाते. लग्नं पुण्या-मुंबईच्या चर्चमधली दिसू लागली, की तरुण कुठं गेले ते कळतं. मग इथल्या ‘युवक सहभागा’ची भाषा बदलावी लागते, उरलेल्या आईबापांकडे, दवाखान्याच्या फेऱ्यांकडे बघावं लागतं.

आणि वहीत नसलेली माणसं? गळीत हंगामात बीड, नगर, जालन्याकडून तोडणी कामगार येतात, उसाच्या फडाकडेला त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात. त्यांत ख्रिस्ती घरं किती, हे कुणी जाऊन विचारलंय? कॅनन ५२९ फादरांना घरोघर जायला, गरीब, आजारी, एकटे आणि मायभूमीपासून दुरावलेले शोधायला सांगतो. फादर एकटे किती कोप्या फिरणार? म्हणून आराखड्यात लिहा: हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत दोन घरांनी मिळून अमुक गावच्या कोप्यांवर जाऊन यायचं. हे झालं नियोजन.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमच्या सिनोडनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या धर्मसभेनं, अंतिम दस्तऐवज मंजूर केला. त्यात अशा परिषदा सक्तीच्या करा असा आग्रह आहे, आणि ‘फक्त सल्ल्याचं मत’ या शब्दरचनेचाच फेरविचार व्हावा असंही म्हटलंय. संहिता बदलेल तेव्हा बदलेल. तोवर विषयपत्रिका आठवडाभर आधी मागा. जमाखर्च नोटीस बोर्डावर लावायला सांगा. फादरांनी सल्ला बाजूला ठेवला, तर कारण विचारून इतिवृत्तात लिहा, आणि ते मराठीत लिहा. इंग्रजी इतिवृत्त अर्ध्यांना कळत नाही, उरलेले कळल्याचं दाखवतात. नवे फादर बदलून आले, की पहिल्या आठवड्यातच इतिवृत्ताची वही त्यांच्या टेबलावर ठेवा.