ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, तर ट्रायब्युनल नेमके काय पाहते?

नमस्कार. आधीच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत आहे: "आईवडिलांचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, आता अपील कुठे करायचे?" अर्ज कसा भरायचा, हे आपल्याला ठाऊक आहे; म्हणून थेट या प्रश्नाकडे वळते.

एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की, त्यांच्या काकांनी 2010 मध्ये अपील जिंकून पुतण्याची भेट घेतली होती. तेव्हा ते शक्य होते. मात्र जुलै 2012 मध्ये काका, मावशी, भाचे आणि चुलत भावंडे अपिलाच्या या अधिकारातून वगळली गेली आणि 25 जून 2013 पासून आईवडिलांसकट सर्व कुटुंबीयांचा तो अधिकार संपला. कृपया जुन्या अनुभवावर विसंबून कोणाला सल्ला देऊ नका.

आज अपील उरले आहे ते केवळ मानवी हक्कांच्या मुद्द्यावर, म्हणजे कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर. 2015 च्या मोस्तफा प्रकरणात अपर ट्रायब्युनलने, म्हणजे व्हिसा-इमिग्रेशनचे दावे ऐकणाऱ्या ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने, म्हटले की, व्यवहारात हा मुद्दा बहुधा पती-पत्नी किंवा आईवडील आणि अल्पवयीन मूल यांच्यापुरताच टिकेल. कमावत्या मुलाला भेटायला निघालेल्या आईचे प्रेम कमी ठरत नाही, पण कायद्याच्या या कसोटीवर ते सहसा उतरत नाही, आणि हे मला आजही सलते.

मग उरतो ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायदेशीर रीतीने झाला का याची न्यायालयीन तपासणी, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. ट्रायब्युनल तुमच्या आईला व्हिसा द्यावा की नाही, हे ठरवत नाही. व्हिसा अधिकाऱ्याने कायद्याला धरून, समोरची कागदपत्रे वाचून, तर्काला पटेल असा निर्णय दिला का, एवढेच ते तपासते. दुसरा अधिकारी वेगळा निर्णय देऊ शकला असता, हे कारण पुरेसे नसते.

माझ्या मावशीचेच पाहा. तिच्या खात्यात अर्जाच्या बारा दिवस आधी चार लाख रुपये जमा झाले होते. ती मुदत ठेव मोडल्याची रक्कम होती. पण अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने बँकेची पावती जोडलीच नाही. नकारपत्रात लिहिले होते की, या रकमेचा उगम स्पष्ट होत नाही. पावती हातात धरून मावशी मला म्हणाली, "अगं, हे बघ, यावर तारीखसुद्धा आहे, न्यायाधीशांना दाखव ना." ती पावती अधिकाऱ्यासमोर नव्हतीच, त्यामुळे त्याने ती दुर्लक्षित केली असे म्हणता येत नव्हते. नवा पुरावा मांडून जुना निर्णय चुकीचा ठरवण्याची ही जागा नव्हे.

शिवाय, समजा तुम्ही जिंकलात. तरी ट्रायब्युनल पासपोर्टवर व्हिसा लावून देत नाही; नकार रद्द होतो, अर्ज पुन्हा अधिकाऱ्याकडे जातो आणि योग्य कारणे देऊन तो पुन्हा नाकारू शकतो. हरलात, तर समोरच्या पक्षाचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो.

तरीही एका प्रसंगी मी वकिलांना भेटाच, असे आग्रहाने सांगते. नकारपत्रात फसवणुकीचा किंवा खोट्या कागदपत्रांचा आरोप असेल आणि तो निराधार असेल, तर गप्प बसू नका, कारण त्यातून दहा वर्षांची बंदी येऊ शकते. अशा वेळी तातडीने हालचाल करावी लागते आणि तीन महिने ही शेवटची मर्यादा आहे. दावा दाखल करण्याआधी पाठवलेल्या कायदेशीर पत्रानंतरही कधी कधी निर्णयाचा फेरविचार होतो.

मावशीवर असा आरोप नव्हता. आम्ही शुल्क पुन्हा भरले, नव्या अर्जात आधीचा नकार स्पष्ट नोंदवला, मुदत ठेवीची पावती आणि पासबुकातली ती नोंद शेजारी शेजारी जोडली, आणि चार ओळींचे स्पष्टीकरण दिले. त्या अर्जावर तिला व्हिसा मिळाला.