दोन दाढांच्या फटीतली कीड कोणत्या एक्स-रेमध्ये दिसते?

नमस्कार. माझी ही दोन बोटं बघा, अशी चिकटलेली. यांची मधली बाजू बघायची तर बोटं फाकवावी लागतील. दाढा काही फाकवता येत नाहीत. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, त्याच्या किंचित खाली, हिरडीच्या बाजूला ही कीड सुरू होते. तुम्हाला ती आरशात दिसत नाही आणि मलाही तपासताना बऱ्याचदा दिसत नाही. सुरुवातीला दुखतही नाही.

म्हणून एक्स-रे. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, मोठाच काढा ना, सगळे दात एकदम दिसतील." मोठा म्हणजे ओपीजी. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका चित्रात येतात. अक्कलदाढ आडवी आहे का, जबड्यात गाठ आहे का, हे बघायला तो उत्तम. फटीतल्या किडीसाठी मात्र मी त्यावर विसंबत नाही. चित्र थोडं पुसट येतं आणि शेजारशेजारच्या दाढा, त्यातही उपदाढा, एकमेकींवर चढलेल्या दिसतात. जी जागा बघायची, नेमकी तीच झाकली जाते.

या कामाचा एक्स-रे म्हणजे बाइटविंग. हॉवर्ड रेपर या अमेरिकी दंतवैद्यानं तो १९२५ मध्ये पुढे आणला आणि आजही पहिली पसंती त्यालाच आहे. छोटी फिल्म किंवा सेन्सर दाढांच्या आतल्या बाजूला ठेवायचा आणि त्याची पट्टी दातांत चावून धरायची. वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. मुळांची टोकं येत नाहीत, त्यासाठी आयओपीए हा एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे वेगळा. बाइटविंगमध्ये सगळा खेळ कोनाचा आहे. किरण बरोबर फटीतून आरपार गेले पाहिजेत. कोन जरासा चुकला की इथेही दाढा एकमेकींवर चढतात. डॉक्टर "पुन्हा काढू या" म्हणाले तर कारण बहुधा हेच असतं.

फिल्म की सेन्सर? कीड ओळखण्यात फारसा फरक नाही. सेन्सरला किरणं कमी लागतात आणि चित्र लगेच दिसतं. थ्रीडी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, फक्त किडीसाठी काढू नये. डोस जास्त, शिवाय धातूच्या फिलिंगभोवती पट्टे उमटतात आणि तिथे कीड असल्याचा भास होतो.

किरणांची भीती वाटते, ती मी समजू शकते. एका डिजिटल बाइटविंगचा डोस काही मोजके मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) असतो. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. तरीही गरज नसताना एकही काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता बाइटविंगचीही मर्यादा ऐका. दाताच्या त्या जागेतले साधारण ३० ते ४० टक्के क्षार निघून गेल्याशिवाय एक्स-रेवर काळा डाग उमटत नाही. म्हणजे कीड चित्रात दिसते त्यापेक्षा थोडी पुढेच गेलेली असते. आणि वरचा थर फुटून खड्डा पडलाय की नाही, हे चित्र सांगत नाही. म्हणून डाग फक्त इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरात असेल तर मी लगेच ड्रिल हातात घेत नाही. फ्लोराइड लावते, रोज फ्लॉस करायला, म्हणजे दोऱ्यानं फटी साफ करायला सांगते आणि काही महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा बाइटविंग काढते. डाग तेवढाच राहिला तर कीड थांबली असं धरता येतं. इनॅमलखालच्या डेंटिनच्या थरात खोलवर शिरला तर फिलिंग करावं लागतं.

ही तुलना करायला जुनं चित्र हाताशी लागतं. डॉक्टर बदललात, तर आधीचे बाइटविंग मागून घ्या आणि सोबत न्या.